समोरची रांग

बँकेची नोकरी माणसाला एक खोड लावते. काहीही पाहिले की आधी प्रश्न पडतो, याचा परतावा किती? १९८८ साली माझी बदली आलापल्लीला झाली. चहूकडे सागवानाचे जंगल. बाजारात मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू अशा भाषा एकाच वेळी कानी पडायच्या. दिवाळीनंतर जवळच्या गावची पोरे नाटकासाठी कर्ज मागायला आली. वडशाच्या कंपनीला इसार द्यायचा होता. "नाटक हे उत्पादक कारण नव्हे," असे ऐटीत सांगून मी अर्ज परत केला.

पोरांनी घरोघरचे धान गोळा करून नाटक आणलेच, आणि मलाच पाहुणा म्हणून नेले! रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालले. लेकी माहेरी आल्या होत्या, व्याही-विहिणी मुक्कामाला होत्या, एका कोपऱ्यात सोयरिकीची बोलणी चालू होती. चहावाला, पानवाला, मंडपवाला, सगळ्यांच्या हाती चार पैसे पडत होते. परतावा माझ्यासमोरच बसला होता. माझ्या अर्जात त्याला रकाना नव्हता, एवढेच.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातली ही झाडीपट्टी रंगभूमी दंडारीसारख्या लोकनाट्याशी नाते सांगते. टीव्ही आला, केबल आली, मोबाइल आला. तिने सिनेमाची गाणी घेतली, लावणी घेतली. पण धान निघाल्यानंतरचा हंगाम आणि गावाचे आमंत्रण सोडले नाही. २०२३ साली या रंगभूमीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. तिकीट लावूनही ती गावाचीच राहिली.

माडिया-गोंडांच्या रेला नाचाची गोष्ट वेगळी. त्याला तिकीट नाही, कारण त्याला प्रेक्षकच नाही. हातात हात गुंफायचे, एका रांगेने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची. गेल्या हिवाळ्यात पुन्हा आलापल्लीला गेलो, तेव्हा एका समारंभात तो पाहिला. पाहुण्यांसाठी पाच मिनिटे. सगळ्या मुली एकाच रांगेत, तोंडे खुर्च्यांकडे, गाणे ध्वनिवर्धकावरचे. टाळ्या छान पडल्या. शेजारच्या आजींनी नातीला काहीतरी विचारले. मी पाहिले तशी नात म्हणाली, "आजी विचारते, समोरची रांग कुठं गेली?"

जगाच्या बाजाराला दोष देणे सोपे आहे. पण ती रांग त्या खुर्च्यांनी उठवली, आणि त्यातल्या एका खुर्चीवर मी बसलो होतो. परतावा मोजणारा माणूस टाळ्याच वाजवणार; ओळ उचलायची असते, हे त्याला कोण सांगणार?

संध्याकाळी त्यांच्या अंगणात चहा झाला. नातीने आजीची एक ओळ मोबाइलवर टिपली आणि पुण्याला कारखान्यात काम करणाऱ्या भावाला पाठवली. तासाभराने उत्तर आले. मागे गाड्यांचे भोंगे, पुढे त्याचा आवाज. आजी खुलल्या, मग त्यांनी मान हलवली. पठ्ठ्या ओळ चुकला होता. त्यांनी मोबाइल हातात घेतला, तोंडाशी धरला आणि तीच ओळ पुन्हा म्हटली, या वेळी सावकाश.