कुप्याचा श्वास, पैनगंगेचे पाणी

हिंगोली जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्यापासून कुठल्याही दिशेला निघा, चारशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. इथला मासा म्हणजे तळ्याधरणातला कटला, रोहू, फार तर मरळ. अशा गावात ट्युनाची चौकशी कशाला, असे कुणी विचारले तर त्याला पैनगंगेच्या काठावर न्यावे.

ही नदी पुढे वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात रिकामी होते. म्हणजे श्रावणात इथल्या सोयाबीनच्या वावरातून वाहून गेलेले गढूळ पाणी शेवटी ट्युनाच्याच घरी जाते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, त्यामुळे ते खाली न जाता दुधावर साय धरावी तसे वर पसरते. गोदावरी, महानदी, गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती अशा साऱ्या नद्या मिळून ही साय इतकी दाट करतात, की वाऱ्याला ती फोडून खालचे पाणी वर काढणे जड जाते. समुद्राचे खत, म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, असते त्या खालच्या पाण्यात. ते वर आले तर प्लवक वाढते, प्लवकावर बारीक मासळी आणि माकूल, आणि त्यांच्यावर ट्युना. म्हणूनच नद्यांचा एवढा लवाजमा असूनही हा उपसागर अरबी समुद्रापुढे रोडकाच. तरीही विशाखापट्टणम, काकीनाड्याकडचे मच्छीमार लहान होड्यांतून गळ टाकून पिवळ्या पराचा ट्युना धरतात.

आपल्या कोकणात ट्युनाला कुपा म्हणतात, कुठे गेदर. पापलेट-सुरमईच्या पंगतीत त्याला मान कमी, कारण मांस लाल-काळसर. हा रंगच त्याची कुंडली आहे. हा मासा जन्मभर थांबत नाही. तोंड उघडे ठेवून पोहत राहायचे आणि आत येणारे पाणी कल्ल्यांवरून जाऊ द्यायचे, हाच त्याचा श्वास. थांबला की गुदमरला. अखंड राबणाऱ्या स्नायूंत प्राणवायू साठवणारे रंगद्रव्य भरलेले असते, म्हणून मांस लाल. शिवाय रक्तवाहिन्यांच्या खास जाळ्यामुळे स्नायूंची ऊब तो सहजी बाहेर जाऊ देत नाही. इतके तापलेले इंजिन चालवायचे तर प्राणवायू भरपूर लागणारच.

आणि अरबी समुद्रात नेमका त्याचाच तुटवडा आहे. साधारण 150 मीटरपासून 1000 मीटरपर्यंत खोल, प्राणवायू जवळजवळ नसलेल्या पाण्याचा प्रचंड थर इथे पसरला आहे. पावसाळी वाऱ्यांनी सोमालिया-ओमानच्या बाजूला खताचे पाणी वर येते, प्लवक माजते, मरून खाली पडते आणि कुजताना तिथला प्राणवायू खाऊन टाकते. उत्तरेकडून हा समुद्र जमिनीने बंद, त्यामुळे ताजे पाणीही सहज येत नाही. कनेरगावच्या नावात नाका आहे. एकेकाळी इकडे निजामाची हद्द, पलीकडे इंग्रजांचे वऱ्हाड. कुप्यासाठी तसाच एक नाका पाण्यात आहे. भक्ष्यामागे तो थोडा वेळ खाली बुडी मारतो, पण मुक्काम करू शकत नाही. ट्युनाच्याही जाती आहेत: मोठ्या डोळ्यांचा ट्युना कमी प्राणवायूत बराच तग धरतो, पट्टेवाला स्किपजॅक अजिबात नाही.

तेव्हा नकाशावर बोट ठेवून ट्युनाचे घर दाखवता येत नाही. ते पाण्याच्या एका थरात असते आणि त्याची जाडी बदलते. वरून ऊन ते पातळ करते, कारण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि वरखाली मिसळणेही मंदावते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवले, की हिंदी महासागराचा पश्चिम भाग 1901 ते 2012 या काळात उन्हाळ्यात 1.2 अंश सेल्सिअसने तापला. 2016 मधल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासानुसार तिथले वनस्पतीप्लवक सहा दशकांत 20 टक्क्यांपर्यंत घटले. छपराला आग आणि कोठीही रिकामी.

याच समुद्राला अधूनमधून झोकाही बसतो. पश्चिमेचे पाणी तापते, पूर्वेचे थंडावते. शास्त्रज्ञ त्याला हिंदी महासागराचा डायपोल म्हणतात. 1997 मध्ये असा मोठा झोका बसला. पश्चिमेला उबदार थर जाड झाला, ट्युना खोल पांगला, जाळ्यांच्या टप्प्याबाहेर गेला. सेशेल्सच्या आसपास मासेमारी करणारी पर्ससीन जहाजे त्याच्या शोधात थेट महासागराच्या पूर्वेला गेली. एल निनो जोरात असूनही आपल्याकडे त्या वर्षी पाऊस सरासरीइतका झाला, त्याचे श्रेय बरेचसे याच झोक्याला देतात. 2019 मध्ये तो पुन्हा आला. देशात मान्सून 110 टक्के झाला, अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे उठली, आणि ऑक्टोबरअखेरच्या पावसात मराठवाड्यातले काढणीचे सोयाबीन भिजले. कोंब फुटलेल्या त्या सोयाबीनची आठवण शेतकऱ्याला वेगळी करून द्यायला नको. जो समुद्र ट्युनाला जागचा हलवतो, त्याचाच हात आपल्या खळ्यापर्यंत पोहोचतो.

हैदराबाद ही हिंगोलीकरांची जुनी राजधानी. तिथली इन्कॉइस ही संस्था उपग्रहाने समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळेल याची सूचना मच्छीमारांना देते. ट्युनासाठी वेगळी सूचनाही निघते. डिझेल वाचते, फेरी वाया जात नाही, हे चांगलेच. पण यात एक फसगत आहे. खालचा नाका वर सरकला की ट्युना पृष्ठभागाजवळ दाटीने राहू लागतो आणि जाळ्यात सहज सापडतो. काही काळ पकड वाढते आणि कागदावर सगळे आबादीआबाद दिसते. इसापूर धरणावरच्या भोयांना हे समजावून सांगावे लागणार नाही: वैशाखात तळे आटते, तेव्हाच मासा ढिगाने निघतो.