मुकी झालेली पेटी

आमच्या थोरल्या बंधूंची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात, आणि विहीर घरापासून चांगली किलोमीटरभर लांब. शेतीपंपाची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की ६८ वर्षांचा दादा बॅटरी आणि काठी घेऊन निघणार. एका पावसाळ्यात स्टार्टरच्या पेटीखालीच घोणस निघाली. तेव्हापासून दादा परत येईपर्यंत वहिनी ओसरीवर जाग्याच.

म्हणून २०१९ साली मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणारी एक पेटी आणली. दोन वर्षे तिने दोघांनाही सुखाने झोपू दिले. मग एके दिवशी फोनवर काही उमटेना. पेटी उघडून पाहिली तर वायरी, रिले, सिमकार्ड सारे ठणठणीत. गाशा गुंडाळला होता तो बनवणाऱ्या कंपनीने! दादाचा हुकूम विहिरीवर पोचण्याआधी त्या कंपनीच्या संगणकाला वळसा घालून जात असे. तो संगणक बंद पडला आणि पेटी मुकी झाली. दुसऱ्या कोणाची भाषा तिला शिकवलेलीच नव्हती.

आपण बल्ब आणतो तेव्हा होल्डर कोणत्या कंपनीचा, हे दुकानदार विचारतो का? खाच ठरलेली असते, कोणाचाही बल्ब बसतो. ठरलेली, सर्वांना खुली अशी ही खाच म्हणजेच खुले मानक. ती नसली की काय होते याचा अनुभव अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांनीही घेतला आहे. घरातली उपकरणे सांभाळणारे ‘रिव्हॉल्व’ नावाचे सुमारे ३०० डॉलरचे यंत्र, कंपनी दुसऱ्याने विकत घेतल्यावर २०१६ साली दुरूनच बंद करण्यात आले. पैसे मोजलेली वस्तू घरातच, पण निर्जीव!

आमचा पुतण्या तेव्हा इंजिनिअरिंगला होता. ‘काका, नवी पेटी घ्यायची नाही, आपण जोडू,’ म्हणाला. त्याने ईएसपी-३२ जातीचे, बिनतारी संदेश धाडणारे दोन छोटे बोर्ड मागवले. वायफाय तर अंगणापलीकडे जाईना, म्हणून या बोर्डांवर ‘लोरा’ नावाचा रेडिओ होता. तो बोलतो थोडेच, पण ऐकू जाते दूरवर. ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा आपल्याकडे अशा कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्याशिवाय खुला आहे. लोराची लहरी घडवण्याची रीत मात्र सेमटेक कंपनीच्या मालकीची, तेव्हा इथेही सगळेच खुले नाही, हे त्यानेच प्रामाणिकपणे सांगितले. पण त्या रेडिओचे बोर्ड अनेकजण बनवतात.

फोन, घरातला जुना संगणक आणि घरातला बोर्ड एकमेकांशी ‘एमक्यूटीटी’ या पद्धतीने बोलतात. नाव रुक्ष, पण जन्मकथा मोठी रंजक. अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ साली ती रचली ती रानोमाळ पसरलेल्या तेलवाहिन्यांवर नजर ठेवण्यासाठी. उपग्रहावरून संदेश महाग, म्हणून संदेश आखूड ठेवायचे. २०१४ साली ती जाहीर मानक झाली. आता कोणीही वापरावी, कोणाला विचारावे लागत नाही. तेलासाठी निघालेली युक्ती आमच्या द्राक्षांच्या पाण्याला लागली म्हणायची.

स्टार्टरमधली जोडणी मात्र गावच्या वायरमननेच केली. तिथे हौस नको, यावर दादा ठाम होता. बोर्डांचा खर्च एका मोटर रिवाइंडिंगपेक्षाही कमी आला.

गेल्या वळवात वीज कडाडली आणि विहिरीवरचा बोर्ड गेला. पुतण्या एव्हाना नोकरीसाठी पुण्यात. माझ्या पोटात गोळा आला, आता पुन्हा काठी आणि बॅटरी! पण तालुक्याच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे तसाच रेडिओ असलेला दुसऱ्याच कंपनीचा बोर्ड मिळाला. त्याच्या पायांचे क्रमांक वेगळे होते. पुतण्याने फोनवरून दोन ओळी बदलायला सांगितल्या, दुरुस्तीवाल्याने त्या बदलून प्रोग्रॅम भरला. संध्याकाळपर्यंत मोटर पुन्हा हुकूम ऐकू लागली.

दादा नवा बोर्ड उलटसुलट करून पाहत होता. ‘वेगळ्या कंपनीचाय,’ तो म्हणाला, आणि हिशेबाच्या वहीत किंमत लिहून जेवायला बसला.