डिस्कची उलटतपासणी

२०१४ची विधानसभा निवडणूक, जालना मतदारसंघ. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. वाद वेळेचा होता. २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत उलटून गेल्यावर उमेदवारी अर्ज स्वीकारला गेला का? निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात झालेले व्हिडिओ चित्रण हा त्यावरचा महत्त्वाचा पुरावा होता आणि तो न्यायालयापुढे आला सीडींच्या रूपाने, म्हणजे नकलेच्या रूपाने. ही नक्कल कोणत्या यंत्रावरून, कशी निघाली हे सांगणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निकाल कायम ठेवला. असे प्रमाणपत्र सक्तीचेच आहे, मात्र सगळे प्रयत्न करूनही ज्याला ते मिळाले नाही त्याचे त्यापायी नुकसान होऊ नये, असेही सांगितले. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा विषय निघाला की आज देशभरचे वकील या खटल्याचा दाखला देतात. कायद्याच्या अंगाने त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. त्याच्या पोटात दडलेला विज्ञानाचा प्रश्न मात्र फारसा कोणी उकलून पाहत नाही: समोर ठेवलेली डिस्क ही ‘तीच’ डिस्क आहे, हे कशावरून म्हणायचे?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने या प्रश्नाला निदान रकाना तरी दिला. कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात उपकरणाची बनावट व मॉडेल, रंग, सिरीयल नंबर आणि सोबत मजकुराचे हॅश मूल्य, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला त्याचा ठसा, भरावे लागते. हा सिरीयल नंबर कुठून घ्यायचा, हे नमुना सांगत नाही. डिस्क उलटी करून स्टिकरवरचा आकडा उतरवून घेणे, हाच सर्वांत सोपा मार्ग. माझे म्हणणे असे की स्टिकर ही डिस्कची सर्वांत कच्ची ओळख आहे. तो निघतो, फाटतो आणि शंभर रुपयांत नवा छापूनही मिळतो. बाहेरून जोडायच्या डिस्कच्या डबीवर जो क्रमांक असतो, तो कित्येकदा डबीचा असतो, आतल्या डिस्कचा वेगळाच असतो. डिस्कला स्वतःची ओळख सांगता येते. ती आधी तिच्याच तोंडून घ्यावी, मग स्टिकरशी ताडून पाहावी.

डिस्क बोलते कशी, ते पाहू. हार्ड डिस्क म्हणजे नुसत्या फिरत्या चकत्या नव्हेत. तिच्या पाठीवरच्या हिरव्या पट्टीवर स्वतंत्र प्रोसेसर आणि त्याचा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर असते. जुन्या काळी डिस्क बसवणाऱ्याला तिचे सिलिंडर, हेड, सेक्टर हे आकडे संगणकाच्या सेटअपमध्ये हाताने भरावे लागत. एक आकडा चुकला की डिस्क मुकी. १९९४च्या एटीए मानकात ‘आयडेंटिफाय’ नावाची आज्ञा आली आणि हे काम डिस्ककडेच गेले. आज्ञा मिळताच डिस्क बरोबर ५१२ बाइट परत पाठवते. त्यांचे दोन-दोन बाइटांचे २५६ ‘शब्द’ होतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. १० ते १९ क्रमांकांच्या शब्दांत वीस अक्षरांपर्यंतचा सिरीयल नंबर, २३ ते २६ मध्ये फर्मवेअरची आवृत्ती, २७ ते ४६ मध्ये चाळीस अक्षरांपर्यंतचे मॉडेलचे नाव. शब्द क्रमांक २१७ मध्ये फिरण्याचा वेग: तिथे ५४०० किंवा ७२०० असेल तर चकती मिनिटाला तितके फेरे घेते, आणि नुसता १ असेल तर आत फिरणारे काहीच नाही, ती एसएसडी आहे. यात एक गंमतही आहे. अक्षरांच्या जोड्या उलट्या ठेवलेल्या असतात. ‘एस, टी, १, ०’ अशी सुरुवात असलेले मॉडेल कच्च्या बाइटांत ‘टी, एस, ०, १’ असे दिसते. ते सुलटे करून वाचण्याजोग्या ओळींत मांडणे, हे कमांड लाइनवरच्या छोट्या साधनांचे काम.

लिनक्सवर त्यासाठी दोन साधने सर्वांच्या हाताशी आहेत. पहिले मार्क लॉर्ड यांचे ‘एचडीपार्म’. त्यात लहान ‘आय’ आणि मोठा ‘आय’ असे दोन पर्याय आहेत, आणि या फरकावर बरेच काही अवलंबून आहे. लहान ‘आय’ दिला तर संगणक सुरू होताना लिनक्सने डिस्ककडून घेऊन ठेवलेली माहिती दिसते. मोठा ‘आय’ दिला तर प्रश्न त्या क्षणी थेट डिस्कला जातो. ऐकीव आणि प्रत्यक्ष साक्ष यांत न्यायालय जो भेद करते, तोच इथे. पंचनाम्यासाठी अर्थातच मोठा ‘आय’. दुसरे साधन ‘स्मार्टसीटीएल’. ते ओळखीबरोबर डिस्कच्या तब्येतीच्या नोंदीही वाचते: किती तास चालली, किती वेळा चालू झाली, किती सेक्टर निकामी होऊन बदलले गेले. ते ज्या संचात येते, तो ‘स्मार्टमॉनटूल्स’ हा संच २००२ मध्ये सुरू केला ब्रूस अॅलन या भौतिकशास्त्रज्ञाने. त्यांचे क्षेत्र गुरुत्वीय लहरींचे. त्या शोधण्यासाठी उभारलेल्या मोठ्या संगणक-समूहांत डिस्क बंद पडण्याआधी कळावे, ही त्यांची निकड होती. छत्रपती संभाजीनगर विभागातल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ ज्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले, ती याच लहरींसाठी. अवकाशातली थरथर मोजू पाहणाऱ्या विज्ञानातून डिस्कची नाडी पाहणारे हत्यार निघाले, हे मराठवाड्याच्या वाचकाला मुद्दाम सांगावेसे वाटते. नव्या लॅपटॉपांतल्या एनव्हीएमई डिस्कची भाषा निराळी आहे. तिचे ओळखपत्र ४,०९६ बाइटांचे असते. पण सिरीयल, मॉडेल, फर्मवेअर या तीन गोष्टी तिथेही ठरल्या जागीच मिळतात.

आता आक्षेप. पहिला असा की हॅश असताना सिरीयल नंबर हवा कशाला? डिस्कवरचा एक बिट बदलला तरी हॅश बदलते, मग आणखी ओळख कसली? आक्षेप वजनदार वाटतो, पण तो दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत करतो. हॅश मजकुराची असते, वस्तूची नव्हे. डिस्कची तंतोतंत नक्कल काढली तर दोन्हींची हॅश एकच येते, यायलाच हवी. नक्कल बरोबर निघाली हे त्यावरूनच कळते. मग दोघींतली मूळ कोणती, हे हॅश कधीच सांगणार नाही. जालन्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की मूळ उपकरणच मालकाने न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. पण ‘मूळ’ म्हणजे कोणते, हे ठरवायला हॅशच्या बाहेरचे काहीतरी लागतेच.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा: डिस्कला विचारायचे तर ती जोडावी लागते आणि जोडणे म्हणजे पुराव्याला हात लावणे. हे अर्धे खरे आहे. ओळख विचारणारी आज्ञा मजकुराच्या एकाही सेक्टरला शिवत नाही. धोका आज्ञेत नसून ज्या संगणकाला डिस्क जोडली त्याच्यात आहे. तो सवयीने ती उघडतो आणि फायलींच्या वेळा बदलून ठेवतो. म्हणून प्रयोगशाळेत मध्ये ‘राइट ब्लॉकर’ हे डिस्कवर काहीही लिहू न देणारे यंत्र लावतात, आणि तो नसेल तर जोडूच नये. एसएसडीच्या बाबतीत चिंता जास्त, कारण वीज मिळताच तिचे फर्मवेअर आतली साफसफाई आपणहून करू शकते. पण याच आक्षेपातून एक उपयोगी गोष्ट हाती येते. डिस्कला वीज मिळाली की ‘किती वेळा चालू झाली’ हा तिचा आतला आकडा वाढतो. समजा, जप्तीच्या वेळी शेवटची नोंद १,४१२ अशी लिहून घेतली. प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत ती पहिल्यांदा जोडल्यावर १,४१३ दिसायला हवी. तिथे १,४१९ दिसले, तर मधल्या काळात मुद्देमालाला सहा वेळा वीज मिळाली. लाखेचे सील शाबूत असले, तरी त्याचे उत्तर कोणालातरी द्यावे लागेल.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही: डिस्क खोटेही बोलते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या काही डिस्क स्वतःचा वेग ५४०० सांगत असल्याचे, पण त्यांची गुणगुण ऐकणाऱ्यांना काही निराळेच आढळल्याचे उघड झाले. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०, आणि ७२०० म्हणजे १२०. ध्वनिमापनात १२०च्या जागी टोक दिसत होते. कंपनीचा खुलासा असा की ‘५४०० क्लास’ हा वेग नसून कामगिरीचा वर्ग आहे. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीतून आलेले प्रकरण याहून गंभीर होते. सीगेटच्या वापरलेल्या डिस्क कोणीतरी चालू-तासांचा आकडा शून्यावर आणून नव्या म्हणून बाजारात सोडल्या. त्या उघड्या पडल्या कारण सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची आणखी एक नोंदवही असते. स्मार्टसीटीएलच्या २०२३ मधल्या ७.४ आवृत्तीपासून ती वाचता येते, आणि तिथे हजारो तासांचा हिशेब तसाच होता. पुढे काही डिस्कांत तीही नोंद फिरवल्याचे आढळले. डेटा-रिकव्हरीच्या व्यावसायिक यंत्रांनी सिरीयल नंबरसुद्धा बदलता येतो. मग विचारून काय साधले?

साक्षीदार खोटे बोलू शकतो म्हणून न्यायालयाने साक्षी घेणे सोडलेले नाही. त्यासाठी उलटतपासणी आहे. डिस्कचीही घेता येते. एक टेराबाइटच्या डिस्कने बहुधा १,९५,३५,२५,१६८ सेक्टर सांगायला हवेत, कारण हा आकडा उद्योगाने ठरवलेल्या सूत्रातून येतो. त्याला ५१२ने गुणले की १ लाख कोटी बाइटांहून किंचित जास्त भरतात. (विंडोज त्यालाच ९३१ जीबी म्हणते; ते १०२४ने भागते, एवढेच.) आकडा कमी आला तर एचडीपार्मला मोठा ‘एन’ देऊन पाहावे. ते दिसणारे सेक्टर आणि खरे सेक्टर शेजारी-शेजारी दाखवते, आणि डिस्कचा शेवटचा भाग कोणी झाकून ठेवला असेल तर तफावत तिथेच कळते. सिरीयल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकून मॉडेल जुळते का ते पाहता येते. चालू-तास एका नोंदवहीत शून्य आणि निकामी सेक्टर दुसरीकडे शेकड्याने, हे एकत्र नांदत नाही. खोटे पचवायचे तर फसवणाऱ्याला या सगळ्या जागा एकमेकींशी जुळतील अशा बदलाव्या लागतात. त्याला कौशल्य, यंत्रे आणि वेळ लागतो. स्टिकर बदलायला यातले काहीच लागत नाही. पुराव्याच्या दोन प्रकारांत निवड करताना ‘कोणता बनावट करता येतो’ हा प्रश्न निरर्थक आहे, दोन्ही करता येतात. कोणता बनावट करायला महाग पडतो आणि करताना मागे खुणा सोडतो, हे पाहायचे.

म्हणून जप्ती पंचनाम्याच्या नमुन्यात डिस्कसाठी वेगळ्या ओळी हव्यात: डिस्कने सांगितलेले मॉडेल, सिरीयल, फर्मवेअर, सेक्टरसंख्या, चालू-तास आणि चालू होण्याची संख्या, आणि शेजारी स्टिकरवरचा क्रमांक. दोन्ही जुळत नसतील तर तेही तसेच लिहावे. जागेवर राइट ब्लॉकर नसेल तर हे रकाने प्रयोगशाळेत पहिल्या जोडणीला भरावेत. साधने फुकट आहेत, शिकायला एक दुपार पुरते. आणि ज्याचा कोर्टकचेरीशी संबंध नाही, पण जो छत्रपती संभाजीनगरात कॅनॉटला किंवा पैठण गेटला जुना लॅपटॉप घ्यायला निघाला आहे, त्यानेही पैसे मोजण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून या ओळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात आणि सिरीयल नंबर पावतीवर लिहून घ्यावा. दुकानदार नाही म्हणाला, तर तो लॅपटॉप घेऊ नका.