घरात कासव: जिवाची सोय आणि लेकरांची तब्येत



पावसाळ्यात जाम नदीच्या काठावरून किंवा वावरातल्या विहिरीजवळून पोरं तळहाताएवढं कासव उचलून आणतात. कुणी नागपूरच्या ॲक्वेरियमच्या दुकानातून हिरवं पिल्लू विकत आणतं. कुणी सांगतं, कासव ठेवलं की घरात पैसा टिकतो. पैसा मेहनतीने येतो आणि हिशोबाने टिकतो; कासवाचा त्यात काही हात नाही. प्लास्टिकच्या टबात बोटभर पाणी आणि चार शितं भात, एवढ्यावर ते पिल्लू हळूहळू मरतं. त्याच टबातून लेकरांना आजारही लागू शकतो. म्हणून या वेळी दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो.

आधी कासव ओळखा

पाठ चामड्यासारखी गुळगुळीत आणि मागचे पाय आत घेतल्यावर झाकणाऱ्या झडपा पोटाकडे असतील, तर ते आपल्या तळ्या-नाल्यांतलं देशी कासव आहे. काळपट उंच पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतील, तर ते कोरड्या जमिनीवर राहणारं स्टार कासव. ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती पकडणं, विकणं, घरात पाळणं गुन्हा आहे आणि शिक्षा ३ ते ७ वर्षांच्या कैदेपर्यंत जाते. ‘दुकानदाराने दिलं’ म्हणून सुटका होत नाही.

पोराने आत्ताच नदीवरून आणलं असेल, तर लगेच त्याच जागी सोडून या. कुठून आलं ते माहीत नसेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या वन कार्यालयात कळवा. जखमी वन्यजीवांवर नागपूरला सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये उपचार होतात. वनकर्मचारी येईपर्यंत स्टार कासव कोरड्या खोक्यात, सावलीत ठेवा आणि उथळ ताटलीत पाणी द्या. ते विहिरीत टाकू नका. जमिनीवरचं कासव खोल पाण्यात बुडून मरतं.

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू मूळचं अमेरिकेतलं. दुकानात बहुतेक हेच मिळतं. नाण्याएवढं दिसणारं हे पिल्लू वाढून ताटाएवढं होतं आणि २० ते ४० वर्षं जगू शकतं. कंटाळा आला म्हणून नाल्यात किंवा विहिरीत सोडू नका. ते देशी कासवांची जागा आणि खाणं बळकावतं. नवीन विकत घेऊच नका. पण आधीच घरात असेल, तर त्याची नीट सोय करा.

पाणी आणि कोरडी जागा

पाठीच्या दर इंचामागे सुमारे ४० लिटर पाणी, असा हिशोब धरा. म्हणजे दोन इंचाच्या पिल्लालाही ८० लिटरची टाकी लागते. मोठा टब किंवा आडवा कापलेला ड्रम चालतो, पण त्यात आधी रसायन भरलेलं नसावं. पाणी पाठीच्या लांबीच्या निदान दुप्पट खोल हवं. एका बाजूला विटा रचून उतार करा, म्हणजे त्याला पूर्ण कोरडं होऊन बसता येईल. फिल्टर नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी अर्धं पाणी बदला आणि आठवड्यातून एकदा टाकी घासून धुवा. वापरात नसलेला टब उपडा ठेवा, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास होतील.

ऊन आणि ऊब

पाणी २४ ते २८ अंश आणि बसायची जागा ३० ते ३२ अंश असावी. कोवळं ऊन मिळालं तरच कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि पाठ टणक राहते. काचेतून येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही. सकाळी अर्धा तास अंगणात ठेवा, अर्धा टब सावलीत राहू द्या आणि कुत्र्या-मांजरांवर, कावळ्यांवर लक्ष ठेवा. उन्हाळ्यात टिनाच्या घरात टबाचं पाणी तापतं, तेव्हा टब घराच्या सर्वांत थंड कोपऱ्यात हलवा. थंडीत बसायच्या जागेवर बल्ब लावा, पण तो पक्का बांधा आणि वायर पाण्यापासून लांब ठेवा.

खाणं

कासवाचं तयार खाद्य, बारीक मासे आणि गांडुळं द्या. वाढत्या वयात पालेभाजी वाढवा. भात, पोळी, बिस्किट नको. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात टाका. पाठ मऊ पडली, डोळे सुजले, नाकातून बुडबुडे आले किंवा ते तिरकं पोहू लागलं, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

लेकरांची तब्येत

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. ते पाठीवर, पाण्यात आणि तिथून हातावर येतात. छोटी कासवं लेकरं तोंडाला लावतात, म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचापेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. जंतू पोटात गेल्यावर ६ तास ते ६ दिवसांत ताप, हगवण आणि पोटात मुरडा सुरू होतो.

कासवाला हात लावल्यावर दर वेळी साबणाने हात धुवा. त्याचं पाणी संडासात ओता, भांडी घासायच्या मोरीत नको. टाकीचा ब्रश वेगळा ठेवा. स्वयंपाकाच्या ओट्यावर कासव फिरू देऊ नका. पाच वर्षांखालचं लेकरू, गरोदर बाई आणि म्हातारं माणूस यांनी त्याला हात न लावलेलाच बरा. हगवण लागली तर ओआरएस सुरू करा. शौचात रक्त, जास्त ताप किंवा लघवी कमी होणं दिसलं, तर थांबू नका, ग्रामीण रुग्णालयात जा आणि घरात कासव आहे हे डॉक्टरांना सांगा.

सिकलसेलच्या घरात कासव नकोच

हे आम्ही मुद्दाम वेगळं लिहितो, कारण विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बरंच आहे. सिकलसेलच्या (एसएस) रुग्णाची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे रक्तात शिरलेले जंतू गाळले जात नाहीत. रक्त न पोहोचल्याने हाडाचा काही भाग मेलेला असतो, आणि साल्मोनेला नेमका तिथे ठाण मांडतो. हाडात पू होतो. घरचे त्याला नेहमीचंच दुखणं समजतात आणि उपचाराला उशीर होतो. रुग्णाला ताप असेल, एकाच जागी हाड सुजून दुखत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. फक्त वाहक (एएस) असलेल्यांना इतरांइतकीच काळजी पुरते.

तुमच्या घरात कोण एसएस आहे, हे माहीत आहे का? नसेल तर सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी करून घ्या. घरात असा रुग्ण असेल, तर कासव कासव-पाळणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्या. लेकराला कासव पाहायची हौस असेल, तर पावसाळ्यात नदीकाठी न्या आणि लांबून दाखवा.