मातृदुग्धपेढी : अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जीवदान

रक्तपेढी, नेत्रपेढी हे शब्द आता घराघरांत परिचित झाले आहेत. मातृदुग्धपेढीचे तसे नाही. आईचे दूधही दान करता येते, ते तपासून, निर्जंतुक करून साठवता येते आणि मृत्यूशी झुंजणाऱ्या एखाद्या नवजात बालकाला औषधासारखे देता येते, याची कल्पना अनेक सुशिक्षित कुटुंबांनाही नसते. वास्तविक या कार्याची भारतातील सुरुवात मुंबईतच झाली. शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली मानली जाते. जगातील पहिली दुग्धपेढी त्याच्या ऐंशी वर्षे आधी, १९०९ मध्ये व्हिएन्ना येथे स्थापन झाली होती.

गरज कोणाला?

पूर्ण दिवसांचे, निरोगी बाळ आणि दूध पाजण्यास समर्थ आई असेल, तर दुग्धपेढीची गरज भासत नाही. प्रश्न उभा राहतो तो गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या आणि विशेषतः दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात ज्या बालकांच्या जन्मवजनाची नोंद झाली, त्यांपैकी १८ टक्क्यांहून अधिक बालके अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला नाकातून अथवा तोंडातून पोटात घातलेल्या बारीक नळीने दूध द्यावे लागते. त्याचे आतडेही अपरिपक्व असते. अशा बाळांना आतड्याचा दाह होऊन त्याचा भाग मृत होण्याचा गंभीर आजार जडू शकतो. प्रसंगी शस्त्रक्रिया करावी लागते; काही बाळे दगावतात. आईच्या दुधाऐवजी डब्याचे दूध मिळालेल्या बाळांमध्ये हा धोका अधिक असतो. दात्या मातेचे दूध आणि डब्याचे दूध यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून डब्याच्या दुधावर या आजाराचे प्रमाण जवळपास दुप्पट असल्याचे दिसून आले आहे.

नेमकी याच वेळी आई दूध देण्याच्या स्थितीत असतेच असे नाही. रक्तदाब वाढल्यामुळे तातडीने शस्त्रक्रिया झालेली आई स्वतःच अतिदक्षता विभागात असू शकते. कित्येकदा बाळ एका रुग्णालयात आणि बाळंतीण दुसऱ्या रुग्णालयात असते. जुळी किंवा तिळी असल्यास सुरुवातीचे दूध अपुरे पडते. अशा वेळचा प्राधान्यक्रम जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केला आहे. प्रथम स्वतःच्या आईचे दूध, ते उपलब्ध नसल्यास दात्या मातेचे दूध आणि दोन्ही नसल्यास अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी योग्य असे डब्याचे दूध.

दूध कसे जमवतात?

प्रसूतिपश्चात कक्षातील माता, ज्यांची बाळे नवजात अतिदक्षता कक्षात आहेत अशा माता आणि लसीकरणासाठी बाळाला घेऊन येणाऱ्या माता या प्रामुख्याने दात्या असतात. स्वतःच्या बाळाचे पोट भरल्यानंतर उरणारे दूधच घेतले जाते. दान ऐच्छिक आणि विनामोबदला असते व त्यासाठी लेखी संमती आवश्यक असते. एचआयव्ही, ब प्रकारची कावीळ व गुप्तरोग यांच्या रक्तचाचण्या तपासल्या जातात. तंबाखू वा मद्याचे सेवन करणाऱ्या, तसेच दुधातून बाळापर्यंत पोहोचून अपाय करू शकतील अशी औषधे घेणाऱ्या मातांचे दूध स्वीकारले जात नाही.

हात व स्तन स्वच्छ करून पंपाने किंवा हाताने दूध काढले जाते. त्यानंतर ते ६२.५ अंश सेल्सिअस तापमानावर ३० मिनिटे ठेवून लगेच थंड केले जाते. या पाश्चरीकरणाने एचआयव्हीसह घातक विषाणू व जिवाणू नष्ट होतात. तरीही नमुना प्रयोगशाळेत पाठवून जिवाणूंची वाढ होत नाही ना, हे पाहिले जाते. वाढ आढळल्यास दूध टाकून दिले जाते. निर्दोष ठरलेले दूध उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. प्रत्येक बाटलीवर नोंद असते आणि डॉक्टरांच्या लेखी सूचनेनेच ती बाळासाठी दिली जाते.

एका मातेच्या थोड्याशा दुधाने काय होणार, अशी शंका कोणालाही येईल. परंतु एक किलो वजनाच्या बाळाला पूर्ण आहार सुरू झाल्यावरही दिवसाला साधारण दीडशे ते एकशे ऐंशी मिलिलिटर दूध लागते. पहिल्या दिवसांत तर काही मिलिलिटरच पुरतात. म्हणजेच चहाच्या कपात मावेल इतके दूध एका बाळाचे दोन-तीन दिवस निभावून नेऊ शकते.

मर्यादाही जाणाव्यात

दात्या मातेचे दूध हा स्वतःच्या आईच्या दुधाला पर्याय नव्हे, तो तात्पुरता आधार आहे. तापवल्यामुळे त्यातील जिवंत पेशी नष्ट होतात, स्निग्ध पदार्थ पचवणारे विकर निकामी होते आणि रोगप्रतिकारक द्रव्येही काही अंशी घटतात. डब्याच्या दुधाच्या तुलनेत या दुधावर बाळाचे वजन सावकाश वाढते. त्यामुळे अतिशय लहान बाळांसाठी त्यात प्रथिने व खनिजे मिसळावी लागतात. संरक्षण मिळते, पण देखरेख चुकत नाही, असा हा व्यवहार आहे.

म्हणूनच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये केवळ दूध साठवण्याचा विचार नाही. आईला स्वतःचे दूध यावे यासाठी साह्य करणारी केंद्रे उभारण्यावर त्यांचा भर आहे. प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच दूध काढण्यास सुरुवात करणे, रात्र धरून दिवसातून किमान आठ वेळा ते काढणे आणि बाळाची प्रकृती स्थिर होताच त्याला उघड्या छातीशी धरून ऊब देणे, यांचा दुधाच्या प्रमाणावर मोठा परिणाम होतो. पहिल्या दिवसांतील पिवळसर चीक चमचाभरच निघाला तरी तो वाया घालवू नये. ‘दूधच येत नाही’ असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकले की आईचा धीर सुटतो आणि वरच्या दुधाची बाटली घरात शिरते.

बाजार नको

मागणी आहे तिथे बाजारही उभा राहतो. मानवी दूध विकण्याचे प्रकार आढळल्यानंतर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये सूचनापत्र काढले. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली मानवी दुधावर प्रक्रिया करण्यास किंवा त्याची विक्री करण्यास परवानगी नाही, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. या भूमिकेमागील कारण उघड आहे. दुधाला भाव मिळू लागला, तर गरीब घरातील आई स्वतःच्या बाळाच्या तोंडचे दूध विकेल, ही भीती अनाठायी नाही.

ओळखीतून किंवा इंटरनेटवरून मिळवलेले, न तपासलेले दूध बाळाला पाजणेही धोक्याचे आहे. देणाऱ्या मातेचा हेतू कितीही निर्मळ असला, तरी तिच्या दुधातील जंतुसंसर्ग डोळ्यांना दिसत नाही.

कुटुंबाने काय करावे?

मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता डॉक्टरांनी वर्तवली असेल, तर रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्ष आहे का आणि बाळासाठी मातृदुग्ध मिळण्याची सोय काय, हे आधीच विचारून ठेवावे. ज्या मातांना भरपूर दूध येते, त्यांनी ते मोरीत सोडून देण्याऐवजी जवळच्या दुग्धपेढीत चौकशी करावी. बाळासाठी घरी काढून ठेवलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात बाहेर चार तासांपर्यंत, तर फ्रिजमध्ये चोवीस तासांपर्यंत ठेवावे. उन्हाळ्यात ते लगेच फ्रिजमध्ये ठेवणेच योग्य. हे दूध उकळू नये, मायक्रोवेव्हमध्येही तापवू नये. भांडे कोमट पाण्यात ठेवून ते कोमट करावे.

आपल्या भाषेत दूधभाऊ आणि दूधबहीण हे शब्द जुनेच आहेत. परक्या बाळाला पदराखाली घेणाऱ्या स्त्रिया पूर्वी वाड्या-वस्त्यांवर असत. मातृदुग्धपेढीने त्या मायेला तपासणीची आणि शिस्तीची जोड दिली आहे. दात्री आणि बाळ यांची आता भेटही होत नाही. परंतु काचेच्या पेटीतील त्या किलोभराच्या जिवाला त्याची स्वतःची आई पाजू लागेपर्यंतचे दिवस त्यामुळे निभावून नेता येतात.