तरुण संघ : थोडा अनुभव, थोडी साधने

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकासाठी काहीतरी लिहून दे, असा आग्रह आमच्या मराठीच्या सरांनी केला, तेव्हा "सर, मला कथा-कविता काही येत नाही" असे मी सांगून टाकले. त्यावर सर म्हणाले, "मग जे करतेस ते लिही." मी काय करते? सकाळी एस.टी.ने कॉलेजात येते, दुपारच्या गाडीने घरी जाते, आणि गेली दीड वर्षे आमच्या मंडळीच्या तरुण संघाची चिटणीस आहे. तेव्हा त्याच विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे. चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

ज्यांना हे जग परके आहे त्यांच्यासाठी आधी थोडा खुलासा. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चमध्ये जमणाऱ्या माणसांना 'मंडळी' म्हणतो. धर्मोपदेशकाला 'पाळक' म्हणतात आणि कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना 'पंच'. मंडळीतील साधारण तेरा-चौदा वर्षांपासून लग्न होईपर्यंतची मुले-मुली मिळून जो गट होतो तो तरुण संघ. गावातील गणेश मंडळ ज्याने जवळून पाहिले आहे त्याला आमचा संघ समजायला वेळ लागणार नाही. तीच वर्गणी, तीच ढोलकी, खजिनदार कोण यावरून तीच भांडणे. फरक इतकाच की उत्सव संपला की आमचे काम संपत नाही. प्रार्थना, पवित्र शास्त्राचा अभ्यास, आजाऱ्यांच्या भेटी हे वर्षभर चालावे अशी अपेक्षा असते. अपेक्षा असते असे मुद्दाम म्हणते. पुष्कळ ठिकाणी संघ डिसेंबरात जागा होतो, नाताळची गाणी गात घरोघर फिरतो आणि जानेवारीत पुन्हा झोपी जातो.

आमचाही तसाच झोपला होता. मी कॉलेजात जाऊ लागले, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून पंचांनी मला चिटणीस केले. शिकलेली मुलगी आहे, ती चालवील, असा त्यांचा हिशेब. माझाही तोच हिशेब होता, आणि तो चुकला.

शहरातून आलेल्या एका पाहुण्यांनी तरुणांच्या कामाविषयीचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिले होते. शब्दकोश घेऊन मी त्याची बारा पाने मराठीत उतरवली. त्यात फुग्यांचे खेळ होते, तळ्याकाठच्या शिबिराच्या सूचना होत्या, सभेनंतर सर्वांना पिझ्झा द्यावा असेही होते. आमच्या नेवासे तालुक्यातील वस्तीपासून पिझ्झा किती मैल दूर आहे हे त्या ग्रंथकाराला ठाऊक असण्याचे कारण नाही; पण मला तर होते! पहिल्या सभेला तेवीस जण आले. चौथ्या सभेला चार, आणि त्यात एक माझा धाकटा भाऊ.

याहून मोठी चूक पुढे आहे. संघात एक सतरा वर्षांचा मुलगा आहे. दहावीनंतर शाळा सुटली. मंडपवाल्याच्या टेम्पोवर कामाला जातो. ढोलकी मात्र अशी वाजवतो की म्हाताऱ्यांनीही ताल धरावा. तो एका सभेला पाऊण तास उशिरा, अंगावर रंगाचे डाग असलेल्या कपड्यांनिशी थेट कामावरून आला. मी तेव्हा नवीनच हजेरीपत्रक केले होते. शिस्त हवी ना! सभेच्या शेवटी सर्वांची नावे वाचली आणि त्याच्या नावापुढे 'उशिरा' असे मोठ्याने म्हटले. कोणीतरी हसले. तो काही बोलला नाही. ढोलकी कपाटात ठेवली, किल्ली माझ्या हातात दिली आणि गेला. पुढे अडीच महिने तो आला नाही. त्याच्याबरोबर कामावर जाणारे आणखी तिघे आले नाहीत.

त्या काळात मी निरनिराळ्या ठिकाणी शोधू लागले की हे तरुण संघ मुळात सुरू कोणी केले. आमच्या ग्रंथालयात आणि पाळकसाहेबांच्या कपाटात जे मिळाले त्यावरून एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की सुरुवात करणारे पुष्कळसे लोक माझ्या कल्पनेतल्या 'पुढाऱ्या'सारखे नव्हते. लंडनमध्ये ६ जून १८४४ रोजी वाय.एम.सी.ए. सुरू झाली ती कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स या बावीस वर्षांच्या तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी. ते दुकानातच काम करीत, दुकानाच्या वरच राहत. दिवसाचे बारा-चौदा तास उभे राहून झाले की रात्री प्रार्थनेला जमत. म्हणजे ती सगळी मंडळी 'उशिरा' येणारीच होती.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. मेन राज्यातील पोर्टलंड शहरी फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने २ फेब्रुवारी १८८१ रोजी आपल्या घरी तरुणांना बोलावून 'ख्रिश्चन एन्डेव्हर' नावाची संस्था काढली. तिचा नियम फार साधा होता. सभेत नुसते बसून ऐकायचे नाही. प्रत्येकाने गाण्याखेरीज काहीतरी केलेच पाहिजे. कोणी उतारा वाचावा, कोणी दोन वाक्यांची प्रार्थना करावी, कोणी स्वतःचा अनुभव सांगावा. शिवाय लहान लहान समित्या : एक प्रार्थनासभा पाहील, एक नवीन मुलांना शोधून आणील, एक खेळ-मेळाव्याचे पाहील. सभा चालवण्याची पाळीही फिरती. थोड्याच वर्षांत ही पद्धत जगभर गेली. आमच्या सभेत मात्र बोलणारी एक आणि ऐकणारे बाकीचे, असा प्रकार होता.

आणि तिसरे नाव, जे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ तशीच बसले, ते बेल्जियमच्या जोसेफ कार्डाइन यांचे. जन्म १८८२ चा, घर कष्टकऱ्याचे. धर्मगुरू होण्यासाठी ते शिकायला गेले आणि सुटीत परत आले तेव्हा गिरणीत लागलेले त्यांचे शाळासोबती त्यांच्याशी पूर्वीसारखे बोलेनात. हा आता आपला राहिला नाही, तिकडचा झाला, असे त्यांना वाटू लागले होते. वडिलांच्या मृत्यूसमयी कार्डाइनांनी आपले आयुष्य कामकरी तरुणांसाठी देण्याचा निश्चय केला, आणि पुढे १९२५ मध्ये कामकरी ख्रिस्ती तरुणांची संघटना उभी केली. त्यांच्या सभेची रीत तीन शब्दांत मावते : पहा, पारखा, करा. आठवड्यात आपल्या कामावर काय घडले ते आधी पाहायचे. शुभवर्तमानाच्या कसोटीला ते लावून पाहायचे. मग करता येईल असे एखादेच लहान काम ठरवायचे आणि पुढच्या वेळी ते झाले का हे विचारायचे. ही पद्धत पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या आपल्या परिपत्रकात अधिकृतपणे शिफारस करून सांगितली. तिला पुस्तक लागत नाही, फुगे लागत नाहीत. पण तिला कामावर जाणारी माणसे लागतात, आणि ती तर मी घालवून बसले होते.

मी त्या मुलाच्या घरी गेले. सोबत आईला नेले होते, हे बरे झाले, कारण मला काय बोलावे ते सुचेना आणि आईने त्याच्या आईशी कांद्याच्या भावापासून सुरुवात केली. निघताना मी त्याला म्हटले, "हजेरीपत्रक फाडून टाकलंय. भजनाचं सगळं तू पाहशील का?" तो म्हणाला, "ताई, लग्नसराईत नाही जमणार." मी म्हटले, "नको जमू दे." कपाटाची किल्ली त्याला देऊन आले.

तो आला, तो तिघांना घेऊनच. त्या रविवारची सभा आमच्या अंगणात घेतली. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला वाचला. ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : मळ्याचा मालक भल्या पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, पुन्हा नऊला, बाराला, तीनला जातो, संध्याकाळी पाचलाही जातो आणि तेव्हाही उभे असलेल्यांना कामावर पाठवतो. आणि मजुरी वाटताना सर्वांना सारखीच, पूर्ण दिवसाची देतो. मी याचा अर्थ वहीत लिहून आणला होता. वही उघडलीच नाही. कारण या मुलांना मजूर अड्डा काय असतो हे मी सांगण्याची गरज नव्हती. त्यांतले दोघे त्याच आठवड्यात तिथे उभे होते. ढोलकीवाला पहिल्यांदा चिडून म्हणाला, "मग सकाळी सहापासून राबला त्याचं काय? हा कुठला न्याय?" दुसरा म्हणाला, पाचला आलेले आळशी असणार. माझी आई ओट्यावर तांदूळ निवडीत बसली होती. ती शाळेत गेलेली नाही. जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपणीत गेला. ती मान वर न करता म्हणाली, "आळशी आसता तर धा वाजताच घरी गेला आसता. ज्याला रिकाम्या हातानं घरी जाता येत न्हाई, त्योच पाचपस्तोर हुबा ऱ्हातो."

सगळे गप्प झाले. नंतर मात्र दहा वाजेपर्यंत वाद चालला, आणि पहाटेपासून राबलेल्यांच्या तक्रारीचे उत्तर त्या रात्री कोणालाच पुरते देता आले नाही. करायचे काम एवढेच ठरले की वस्तीतील एका विधवा बाईंचे छप्पर पावसाआधी नीट करून द्यायचे. ते झाले. पाळकसाहेबांना मी आईचे बोलणे सांगितले, तर पुढच्या रविवारी त्यांनी ते उपदेशात घेतले, "आपल्यातील एका भगिनीने" असे म्हणून. घरी आल्यावर आई म्हणाली, "नाव घ्यायला काय झालं व्हतं?"

आता साधनांविषयी. आपल्याकडे काही नाही अशी तक्रार मी पूर्वी करीत असे. ती मागे घेते. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांची गीते 'उपासना-संगीत'मध्ये आहेत, आणि ती अभंग, भजन, पद अशा आपल्या कानाला ओळखीच्या घाटात आहेत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत. आमचे नेवासे ज्ञानेश्वरीचे गाव. टाळ-ढोलकी येथे कोणाला शिकवावी लागत नाही. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा तर एकोणिसाव्या शतकापासून अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, आहे. एका कीर्तनात वाचन, गायन, निवेदन, विनोद सर्व येते, आणि पाच-सहा जणांना काम मिळते. ज्यांना पवित्र शास्त्राची जुनी भाषा जड जाते त्यांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' सोबत ठेवावे. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ते हेच. आणि मोबाईलवरचा गट? निरोपापुरता ठीक. रोज सकाळी वचन पुढे पाठवले म्हणजे संघ चालला असे समजणाऱ्यांपैकी मीही एक होते.

मुलींचा प्रश्न वेगळा लिहिला पाहिजे. मुलगे कामावरून येणार आठला, आणि मुलींना आठनंतर बाहेर पाठवायचे नाही; मग सभा कोणाच्या सोयीने? आम्ही सभा चर्चमधून उचलून घरोघर फिरती केली आणि आयांनाही बोलावले. त्यामुळे मुली आल्या. पण येऊन कोपऱ्यात बसणे व सभेनंतर चहा करणे याला मी येणे म्हणत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये मुलींना छापखान्याचे काम शिकवले. मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथे छापले गेले, आणि संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभर वर्षांपूर्वी मुली खिळे जुळवू शकत होत्या, तर आमच्या मुली हिशेब लिहू शकतील, या युक्तिवादाने मी पंचांकडून खजिनदारपद एका अकरावीतील मुलीला मिळवून दिले. तिने नाताळच्या फेरीत जमलेल्या पैशांचा पै न् पैचा हिशेब चर्चच्या दारावर चिकटवला. तसे पूर्वी कधी झाले नव्हते, आणि एक-दोन काकांना ते आवडलेही नाही.

एक गोष्ट संकोच सोडून लिहिते. संघातील निम्मी मुले अठराच्या आतली असतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला पॉक्सो म्हणतात, तो आम्हालाही लागू आहे, आणि असा प्रकार कळल्यावर तो लपवणे हाच गुन्हा ठरतो. म्हणून कोणीही मोठा माणूस लहान मुलाला घेऊन एकटा बसणार नाही, सहलीला आईवडिलांची लेखी परवानगी हवी, मुलींबरोबर एक बाई हवीच, आणि १०९८ हा बालकांसाठीचा मदतीचा क्रमांक प्रत्येकाला पाठ हवा, असे आम्ही ठरवले. "आपल्यात असे होत नाही" असे एक जण म्हणाले. पाळकसाहेबांनी तरीही कागदावर सही केली.

सध्या आमच्या सभेला पंधरा-सोळा जण असतात. लग्नसराईत सहा. ढोलकीची पुडी नाताळच्या पैशांतून बदलली आहे. पुढच्या रविवारी सभा चालवण्याची पाळी त्या मंडपवाल्या मुलाची आहे. मला वाचता येत नाही नीट, असे तो म्हणतो, म्हणून उतारा माझा भाऊ वाचणार आणि बोलणार तो. विषय त्याने सांगितलेला नाही. आईला मात्र त्याने तांदूळ घेऊनच यायला सांगितले आहे.