उपग्रहावर आळ घेण्याआधी

रहाटणीतून चाकणला दुचाकीवर जायचे तर रस्ता एकच नाही. नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत पुणे-नाशिक महामार्गाने जाता येते, नाहीतर निगडी, तळवडे, म्हाळुंगे असे मागच्या अंगाने. रोज त्याच कंपनीच्या गेटवर पंच करणाऱ्याला नकाशा लागत नाही. तो लागतो आज कुरुळी, उद्या निघोजे, परवा खालुंब्रे असे फिरणाऱ्यांना. सॅम्पल पोहोचवणारे, मशिन दुरुस्तीला जाणारे, पार्सलवाले, पहिल्यांदाच मुलाखतीला निघालेली आयटीआयची पोरे. त्यांच्या हँडलला मोबाइल लागून बरीच वर्षे झाली, पण त्या मोबाइलच्या आत नेमके काय चालते याबद्दलची माहिती बहुतेक ऐकीव आहे. मग कोणी नको तिथे पैसे घालतो, तर कोणी हाताशी असलेली फुकटची सोय वापरत नाही.

‘नेट गेलं की जीपीएस गेलं’

हा सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात आणि प्रत्येक जण अखंड एवढेच सांगत असतो की, मी आत्ता इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. मोबाइल ते फक्त ऐकतो, उलट काहीच पाठवत नाही. संदेश पोहोचायला लागलेल्या वेळावरून अंतर निघते आणि चार उपग्रहांपासूनची अंतरे मिळाली की जागा निघते. तीन का पुरत नाहीत? कारण मोबाइलचे घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाच्या तोडीचे नसते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकते. ही घड्याळाची चूक काढून टाकायला चौथा उपग्रह लागतो.

या सगळ्यात इंटरनेट कुठेच आले नाही. ते लागते नकाशा उतरवायला, ट्रॅफिकचे रंग दाखवायला आणि कोणता उपग्रह आकाशात कुठे आहे हे सुरुवातीला चटकन कळायला. ही शेवटची माहिती उपग्रह स्वतःही दर अर्ध्या मिनिटाने पुन्हा सांगत असतात, पण ती ऐकायला डोक्यावर मोकळे आकाश हवे. म्हणून सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, नेट नसताना चालू केलेला मोबाइल चाचपडतो. रस्त्यावर येऊन मिनिट-दोन मिनिटे उभे राहा, बहुधा जागेवर येतो.

आता यातून निघणारी सगळ्यात स्वस्त सोय पाहा. घरात कपाटात पडलेला जुना स्मार्टफोन, सिम नसलेला, कॅमेरा खराब झालेला असला तरी चालेल. घरच्या वायफायवर त्यात ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड टाकायचे आणि महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घ्यायचा. दोन्ही अॅप ओपनस्ट्रीटमॅप या २००४ साली सुरू झालेल्या, स्वयंसेवकांनी भरत आणलेल्या नकाशावर चालतात आणि मार्गही मोबाइलच्या आतच काढतात. दुकानांची नावे आणि घरांचे पत्ते त्यात गुगलइतके सापडत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. गुगल मॅप्समध्येही एखादा भाग उतरवून ठेवता येतो आणि नेटशिवाय गाडीचा मार्ग मिळतो, मात्र ट्रॅफिक आणि पर्यायी रस्ते दिसत नाहीत. मोबाइल पडला, भिजला किंवा चोरीला गेला तरी जुनाच जातो, हा आणखी एक फायदा.

जीपीएसला महिन्याचे भाडे नाही. १९८३ साली कोरियाचे एक प्रवासी विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत गेले आणि पाडले गेले. त्यानंतर अमेरिकेने ही यंत्रणा नागरी वापराला खुली करण्याचे जाहीर केले. तरी सामान्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घातलेली असायची. ती २ मे २००० रोजी काढून टाकली. आज मोकळ्या आकाशाखाली चांगला मोबाइल साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो.

‘गाडीला जीपीएस बसवून मिळेल’ अशा पाट्या दिसतात, त्यातला जीपीएस वेगळा. तो ट्रॅकर असतो. स्वतःची जागा उपग्रहांवरून काढतो आणि आतल्या सिमने मालकाला कळवतो. त्याला सिमचा खर्च आहे आणि तुम्हाला तो रस्ता दाखवणार नाही.

‘पावसात सिग्नल जातो’

डीटीएचचा जातो, म्हणून जीपीएसचाही जात असेल असे वाटते. डीटीएचच्या लहरी साधारण ११-१२ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या, त्यामुळे धो धो पावसात त्या अडतात. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी १९ सेंटिमीटर. पावसाच्या थेंबांची ती फारशी दखल घेत नाही. सिग्नल खरा अडतो तो काँक्रीट, लोखंड आणि पत्र्याने. चाकणच्या शेडमध्ये उभे राहून लोकेशन पाठवले तर ते शेजारच्या प्लॉटमध्ये दिसू शकते, कारण आत पोहोचणारी लहर कुठल्या तरी भिंतीवर किंवा पत्र्यावर आपटून, लांबून आलेली असते. पाठवायचे तर गेटबाहेर येऊन पाठवावे.

पावसात बिघडतो तो मोबाइलच. ओल्या काचेला थेंब आणि बोट यांतला फरक कळत नाही, मग नकाशा आपोआप सरकतो, भलतेच बटण दाबले जाते. ‘माझा आयपी ६७ आहे’ हे उत्तर इथे अर्धेच खरे. त्या दर्जाची पाण्याची चाचणी एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास बुडवून केलेली असते. जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी आणि ६७ म्हणजे ती पास झाली असा अर्थ होत नाही. त्यातून चार्जिंगची पिन लावलेली असेल तर ओल्या पोर्टची हमी कोणीच घेत नाही. पावसाळ्यात मोबाइल खिशात ठेवून आवाजावर चालवणे हा सगळ्यात बिनखर्चाचा उपाय आहे. आवाज फक्त इतका हवा की मागच्या कंटेनरचा हॉर्न ऐकू येईल.

‘सॅटेलाइटनं चुकवलं’

उपग्रहाला पुणे-नाशिक महामार्ग माहीत नाही. त्याला कुठलाच रस्ता माहीत नाही. तो जागा काढायला मदत करतो आणि तिथे त्याचे काम संपते. रस्ता कुठे आहे, एकेरी आहे का, खोदून ठेवला आहे का, हे सगळे नकाशात असते आणि नकाशा माणसांनी व कंपन्यांनी भरलेला असतो. चूक शोधायची तर आधी हे दोन वेगळे करायला हवेत.

नाशिक फाट्यावर जागेची चूक दिसते. तिथला भारतरत्न जे.आर.डी. टाटा उड्डाणपूल दुमजली आहे. तुम्ही खाली, वर पहिली पातळी, त्यावर दुसरी. जीपीएसची उंचीची चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते, त्यामुळे आपण नेमके कुठल्या मजल्यावर आहोत हे मोबाइलला खात्रीने कळत नाही. शिवाय पुलाखाली अर्धे आकाश झाकलेलेच. मग तो खाली उभ्या असलेल्याला वरचे वळण सांगतो. जुलै २०२४ मध्ये गुगलने भारतातल्या ४० शहरांसाठी ‘पुलावर चढा’ अशी आगाऊ सूचना देण्याची सोय जाहीर केली, पण ती तुम्ही पुलाच्या तोंडाशी येण्याआधीची मदत आहे. तोंडाशी आल्यावर डोक्यावरचा हिरवा फलक वाचायचा, मोबाइल नाही.

चाकणमध्ये मात्र नकाशाची चूक जास्त भेटते. एमआयडीसीत प्लॉट नंबर असतो, पण अनेक कारखाने गावांच्या जमिनीवर आहेत आणि त्यांचा पत्ता म्हणजे गट नंबर. एकेक गट पसरलेला, त्यात पाच-सहा शेड, एकीचे तोंड महामार्गाकडे, दुसरीचे शेताच्या रस्त्याला. नकाशावरची पिन कोणीतरी अंदाजाने टोचलेली असते. तुम्ही पिनवर बिनचूक पोहोचता आणि समोर कंपाउंडची मागची भिंत असते. निघण्याआधी सिक्युरिटी केबिनला फोन करून गेटचे लोकेशन मागवणे, हा यावरचा खात्रीचा इलाज. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन हा दहा अक्षरांचा कोडही इथे कामाचा आहे. तो साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाचा असतो, म्हणजे मागची भिंत आणि पुढचे गेट यांचे कोड वेगळे येतात. कंपन्यांनी तो चलनावर छापला तर निम्मी भटकंती वाचेल.

आणि कधीकधी जागाही बरोबर असते, रस्ताही नकाशात असतो, तरी जीव जातो. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळ, पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. चालक बुडाला. मोबाइलवरचा मार्ग बघत ते चालले होते. गाडी रस्त्यावरच होती, पूल जागेवरच होता, फक्त त्यावर धरणाचे पाणी आहे हे नकाशाला ठाऊक नव्हते. पवनेच्या किंवा इंद्रायणीच्या काठाने पावसाळ्यात जाताना हे ध्यानात असलेले बरे.

‘लाल रेघ उपग्रहाला दिसते’

नाही. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी वरून कोणी बघत नसते. त्या चौकात अडकलेल्यांचे मोबाइल आपापली जागा आणि वेग नेटवरून कळवत असतात, त्यांची बेरीज म्हणजे लाल रेघ. बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने हे गमतीने सिद्ध केले. त्याने एका हातगाडीत ९९ स्मार्टफोन भरले आणि मोकळ्या रस्त्यावरून ती सावकाश ओढत नेली. गुगलवर तो रस्ता लालभडक झाला. हे २०२० साली जगाला कळले. भारतात मोटार आणि दुचाकी यांचा वेग आपण वेगळा ओळखतो, असे गुगलने त्या वेळी सांगितले होते. दुचाकीचा खास मोड तर डिसेंबर २०१७ मध्ये भारतातच सुरू झाला. तो लावायला बरेच जण विसरतात आणि मग मोटारीच्या हिशोबाने लांबच्या वळशाला लागतात.

‘माझ्या गाडीतच नेव्हिगेशन आहे’

रॉयल एनफिल्डने २०२० च्या मीटिऑर ३५० बरोबर ‘ट्रिपर’ आणले. ज्यांचे मुख्यालय आकुर्डीत आणि कारखाना चाकणला, त्या बजाजच्या नव्या पल्सरच्या मीटरवरही आता बाण दिसतो. पण मार्ग काढतो तो खिशातला मोबाइल. गाडीचा मीटर ब्लूटूथवरून आलेला बाण फक्त दाखवतो. मोबाइलची बॅटरी संपली की बाणही संपला. म्हणून ही सोय वाईट ठरत नाही. उलट मोबाइल हँडलवरून खाली येतो, हेच तिचे मोठे काम. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असे खुद्द अॅपलने २०२१ मध्ये लेखी सांगितले आहे. होल्डर घ्यायचाच असेल तर रबरी डँपर असलेला घ्या. चार्जरची वायर थेट बॅटरीला न जोडता, किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवर आणि फ्यूज लावून घ्या. ऍक्सेसरीवाला ‘काही होत नाही साहेब’ म्हणेल, पण आठ दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरली की धक्का आपल्यालाच मारावा लागतो.

मीटरवर ६० आणि मोबाइलवर ५६ दिसले तर मोबाइलला खोटे ठरवू नका. वेग कमी दाखवू नये म्हणून मीटर मुद्दाम थोडा वर ठेवलेला असतो. सरळ रस्त्यावर, एकसारख्या वेगात उपग्रहावरून काढलेला आकडा बहुधा जास्त खरा असतो. उभे असताना मात्र उलटे. हलल्याशिवाय जीपीएसला दिशा कळत नाही, आणि चुंबकाचा होल्डर असेल तर होकायंत्रही फसते. कोकणे चौकात उभे राहून बाण बघण्यापेक्षा वीस-तीस पावले पुढे जा, तो आपोआप वळेल.

‘नाविक आलं, आता गुगल नको’

नाविक हे अॅप नाही, ते जीपीएससारखेच उपग्रहांचे जाळे आहे. इस्रोने त्याचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला. काही उपग्रहांची अणुघड्याळे बंद पडली, काही उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचलेच नाहीत. २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितले तेव्हा जागा सांगण्याचे काम चारच उपग्रह करत होते. तुमच्या मोबाइलला नाविक कळत असेल तर उत्तम. अमेरिकेच्या, रशियाच्या, युरोपच्या आणि चीनच्या उपग्रहांबरोबर तो नाविकचेही ऐकतो, आकाश अर्धे झाकलेले असताना त्याची मदत होते. पण फक्त त्यासाठी नवा मोबाइल घेण्यात अर्थ नाही.

‘हँडलला मोबाइल दिसला की पावती’

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार हातातली संपर्क साधने वाहन चालवताना फक्त मार्ग बघण्यासाठी वापरता येतात, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे होल्डरमध्ये लावलेला नकाशा गुन्हा नाही. एका हातात मोबाइल धरून, दुसऱ्याने थ्रॉटल सांभाळत पुढच्या कंपनीचे नाव टाइप करणे मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. पहिल्याच वेळी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. पत्ता बदलायचा असेल तर गाडी सर्व्हिस रोडच्या कडेला घ्यायची आणि मग टाइप करायचे.